काचेमागून बर्फावर: आइस स्केटिंगचे पहिले वर्ग, लहानांसाठी आणि मोठ्यांसाठी

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या मराठी घरांत सप्टेंबर आला की एक विषय निघतोच: मुलाला यंदा स्केटिंगला घालायचं का? घातलंही जातं. मग दर शनिवारी सकाळी मूल बर्फावर आणि आईबाबा काचेमागच्या बाकावर, हातात कॉफी. दोन हिवाळ्यांत मूल उलटं स्केटिंग करायला लागतं, शाळेची सहल रिंकवर गेली की मजेत फिरून येतं. आईबाबा मात्र अजून काचेमागेच. हा लेख मुलांसाठी आहेच, पण बाकावरच्या मंडळींसाठी थोडा जास्त आहे.

बर्फावर टिकायला सुरुवातीला तीन गोष्टी लागतात: गुडघे वाकवणं, नीट पडणं आणि हवं तेव्हा थांबणं. बाकी सगळं यांच्यावर उभं राहतं. मित्राचा हात धरून किंवा व्हिडिओ बघून शिकणारी माणसं आधी पुढे जायला शिकतात आणि थांबण्यासाठी कठड्यावर जाऊन आदळतात. पुढे कित्येक वर्षं त्यांचं थांबणं तसंच राहतं. चांगल्या वर्गात क्रम वेगळा असतो. पहिल्या दिवशी पडायला आणि उठायला शिकवतात आणि थांबण्याची तयारीही पहिल्याच पातळीत सुरू होते. वर्गाचे पैसे भरायचे ते या क्रमासाठी.

वर्ग कसा निवडायचा

कॅनडात दोन मुख्य वाटा आहेत. एक म्हणजे नगरपालिकेच्या कम्युनिटी सेंटरचे वर्ग, स्वस्त आणि घराजवळचे. दुसरी म्हणजे 'स्केट कॅनडा' या राष्ट्रीय संघटनेशी जोडलेल्या क्लबांचा 'कॅनस्केट' कार्यक्रम. कॅनस्केटमध्ये सहा टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यात तोल, नियंत्रण आणि चपळाई असे तीन भाग. मूल तिन्हींत एकाच वेगाने पुढे जात नाही, म्हणून प्रत्येक भागाची रिबन वेगळी मिळते आणि तिन्ही झाल्या की टप्प्याचा बॅज. अगदी छोट्यांसाठी त्याआधीचा 'प्री-कॅनस्केट' असतो. या वर्गांत मुलं रांगेत उभी राहून आपल्या पाळीची वाट बघत नाहीत. रिंकचे भाग पाडलेले असतात, गट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात राहतात आणि कडेने एक सलग फिरण्याची पट्टी आखलेली असते. अर्ध्या तासाच्या वर्गात मूल किती वेळ खरंच हलतंय, हे मी वर्ग बघताना सगळ्यात आधी पाहीन.

अमेरिकेत बहुतेक रिंकवर 'लर्न टु स्केट यूएसए'चा अभ्यासक्रम दिसेल. यूएस फिगर स्केटिंगने २०१६मध्ये हॉकी आणि स्पीड स्केटिंगच्या राष्ट्रीय संघटनांना सोबत घेऊन तो सुरू केला. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'स्नोप्लाव सॅम'च्या चार पातळ्या, त्यांच्याहून मोठ्यांसाठी 'बेसिक'च्या सहा, आणि प्रौढांसाठी 'अडल्ट'च्या वेगळ्या सहा. हॉकीकडे जाणाऱ्यांसाठी निराळी शाखा आहे. नाव कोणतंही असो, पहिल्या दोन पातळ्यांत शिकवतात ते जवळपास सगळीकडे सारखंच असतं.

नोंदणीच्या बाबतीत आळस परवडत नाही. मोठ्या शहरांत नगरपालिकेची नोंदणी ठरलेल्या सकाळी ऑनलाइन उघडते आणि शनिवार-रविवारचे वर्ग बघता बघता भरतात. आदल्या रात्री खातं उघडून, मुलांची माहिती भरून, वर्गाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी मात्र जागा सापडते. त्या वेळी रिंकही जरा मोकळी असते.

नाव घालण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. एका कोचमागे किती जण? सुरुवातीच्या वर्गात दहाच्या वर नकोत, छोट्यांसाठी तर त्याहून कमी. वर्गाच्या फीमध्ये सरावाची वेळ येते का? अमेरिकेत पुष्कळ रिंक पब्लिक स्केटिंगचे, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या वेळेचे पास आणि भाड्याचे बूट त्याच फीमध्ये देतात, आणि तसं असेल तर थोडी जास्त फी वसूल होते. तिसरा प्रश्न मोठ्यांसाठी: प्रौढांचा गट खरंच वेगळा आहे, की तुम्हाला आठ वर्षांच्या मुलांसोबत उभं करणार?

बूट: इथेच बहुतेकांचं गाडं अडतं

"आमच्या मुलाचे घोटेच कमजोर आहेत हो," हे वाक्य रिंकवर नेहमी कानावर पडतं. पाय आतल्या बाजूला कलंडताना दिसतात, त्यामुळे ते पटतंही. पण दहातल्या नऊ वेळा दोष घोट्याचा नसून बुटाचा असतो. बूट मोठा असतो किंवा लेस ढिली असते. "पुढच्या वर्षीही चालतील" म्हणून एक नंबर मोठे बूट घेण्याची आपली सवय शाळेच्या बुटांपुरती ठेवा.

फिगर स्केटचा नंबर रोजच्या बुटापेक्षा साधारण अर्धा ते एक नंबर लहान येतो, हॉकी स्केटचा एक ते दीड (दोन्हींतला फरक पुढे येतोच). कंपनीनुसार फरक पडतो, म्हणून घालून बघणं आलंच. पाय आत सरकवून सरळ उभं राहिलं की बोटं पुढे हलकीच टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती किंचित मागे यायला हवीत. टाच बुटात वर-खाली होता कामा नये. मोजा एकच आणि पातळ घाला. थंडी वाजेल म्हणून लोक दोन जाड मोजे चढवतात. बूट त्यामुळे आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

लेस बांधायला वेळ द्या. आधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवा. बोटांजवळच्या ओळी सैलसर, पाऊल जिथे वर वळतं त्या घडीपाशी चांगल्या घट्ट, आणि सगळ्यात वरचे एक-दोन हुक पुन्हा थोडे सैल. वरचे हुक करकचून आवळले तर गुडघा पुढे वाकतच नाही आणि गुडघा वाकला नाही तर पुढचं काहीच जमत नाही. उरलेली लेस घोट्याभोवती गुंडाळू नका, बुटात खोचा. लोंबणारी लेस ब्लेडखाली आली की माणूस पडलाच.

फिगर की हॉकी? फिगर स्केटचं ब्लेड लांब असतं आणि त्याच्या टोकाला दात असतात, त्यांना टो पिक म्हणतात. हॉकीचं ब्लेड आखूड, दोन्ही टोकांना वर वळलेलं आणि बिनदातांचं. लांब ब्लेडवर पुढे-मागे तोल सांभाळायला सोपं जातं, मात्र चालल्यासारखा पाय उचललात तर टो पिक अडकून तोंडावर पडाल. हॉकी स्केटमध्ये तो धोका नाही, पण वजन जरा मागे गेलं की पाय पुढे निसटतात. मुलाला हॉकी खेळायचीच असेल तर हॉकीचे घ्या. काही ठरलं नसेल तर, मोठ्यांसाठी विशेषतः, मी फिगर स्केट सुचवेन. "मुलींचे फिगर, मुलांचे हॉकी" हा हिशोब दुकानदारांनी रूढ केला आहे, बर्फाला त्याच्याशी काही घेणं नाही.

पहिला हंगाम भाड्याचे किंवा वापरलेले बूट चालतील. कॅनडात नगरपालिकेच्या बऱ्याच रिंकवर भाड्याची सोय नसते, पण मुलांचे पाय दरवर्षी वाढत असल्यामुळे वापरलेल्या बुटांचा बाजार मोठा आहे. क्लबांची अदलाबदल, जुन्या क्रीडासाहित्याची दुकानं, शेजारीपाजारी. जुना बूट घेताना घोट्यापाशी दाबून बघा. चामडं मऊ पडून घडी पडली असेल तर तो आधार देणार नाही. ब्लेड सरळ आणि गंज नसलेलं हवं.

आता धार. स्केटचं ब्लेड चाकूसारखं एका धारेचं नसतं. त्याच्या तळाला लांबीभर एक उथळ खोबण असते आणि खोबणीच्या दोन बाजूंना दोन कडा, आतली आणि बाहेरची. बर्फात रुततात त्या या कडा, आणि स्केटिंग म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या कडेवर वजन आहे याचा खेळ. दुकानातून आलेल्या नव्या बुटांना पुष्कळदा धार लावलेली नसते. तसेच घेऊन बर्फावर गेलात तर पाय बाजूला घसरत राहतील आणि दोष मात्र स्वतःला द्याल. धार लावणाऱ्याला "नवशिक्यासाठी" असं सांगा, म्हणजे तो खोबण फार खोल ठेवणार नाही. खोल खोबणीच्या कडा बर्फाला इतक्या धरून बसतात की थांबायला शिकणं अवघड होतं. नंतर साधारण वीस-तीस तास स्केटिंग झालं की पुन्हा धार.

हेल्मेट आणि कपडे

कॅनस्केटमध्ये पाचवा टप्पा पूर्ण होईपर्यंत सीएसएचं, म्हणजे कॅनडाच्या मानक संस्थेचं, प्रमाणपत्र असलेलं हॉकी हेल्मेट सक्तीचं आहे. प्रौढांच्या कॅनस्केटलाही तोच नियम. सायकलचं हेल्मेट तिथे चालत नाही आणि त्याला कारण आहे. बर्फावर माणूस मागेही पडतो आणि हॉकी हेल्मेट डोक्याची मागची बाजू जास्त खालपर्यंत झाकतं. अमेरिकेत नियम रिंकनुसार बदलतात. नियम नसला तरी पहिल्या हिवाळ्यात हेल्मेट घालाच. बूट जुने घ्या, हेल्मेट नवं घ्या, कारण आधी आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीकच दिसतं.

हातमोजे हवेतच, थंडीपेक्षाही बर्फावर हात टेकतात म्हणून. मुलांना स्नो पँट, मोठ्यांना ताणली जाणारी आणि लवकर वाळणारी पँट. जीन्स नको, ती ओली झाली की जड होते आणि गुडघा वाकू देत नाही. मफलर लोंबतो, त्याऐवजी गळ्यात घट्ट बसणारा नेकवॉर्मर. मोठ्यांनी गुडघ्यांचे पॅड आणि रोलर स्केटिंगवाले वापरतात ते मनगटाचे गार्ड घातले तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

घरातली तयारी

वर्ग सुरू होण्याआधीचे दोन-तीन आठवडे रोज थोड्या उठाबशा काढा आणि दात घासताना एका पायावर उभे राहा. तेवढं पुरे. बूट स्वतःचे असतील तर ब्लेडवर प्लॅस्टिकचे गार्ड चढवून सतरंजीवर जरा चाला, वाका, खाली बसा, उठा. मुलांना ही गंमत वाटते. शिवाय पहिल्या वर्गातला अर्धा वेळ बुटांची सवय होण्यात जातो, तो वाचतो.

पडायचं कसं

पडण्याची भीती मुलांना कमी आणि मोठ्यांना जास्त असते. उंचीही जास्त, हाडंही जुनी आणि पडताना बघणारे लोकही दिसतात. म्हणून मोठ्यांनी हा धडा मुद्दाम घोटावा.

तोल जातोय असं वाटलं की वर ताठ होऊ नका, खाली जा. गुडघे वाकवून जितकं बसता येईल तितकं बसा. पडायची उंची कमी झाली की मारही कमी. मग एका बाजूला, कुल्ल्याच्या आणि मांडीच्या मांसल भागावर पडा. हनुवटी छातीकडे ओढलेली, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात पोटाशी, मुठी मिटलेल्या. मागे पडताना तळहात टेकवण्याचा मोह होतो आणि मनगट मोडतं ते तिथेच. मुठी मिटायचं आणखी एक कारण म्हणजे दुसऱ्या कोणाचं ब्लेड बोटांवरून जाऊ नये.

उठायचं असं:

१. कुशीवर वळून गुडघ्यांवर आणि हातांवर या.
२. एक पाऊल दोन हातांच्या मध्ये आणा, ब्लेड सपाट टेकवा.
३. दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवून जोर द्या आणि दुसरं पाऊल शेजारी आणा.
४. लगेच ताठ उभं राहू नका. वाकलेल्या गुडघ्यांवर क्षणभर थांबा, मग हळूहळू वर या.

हे आधी रबरी चटईवर, मग बर्फावर करा. वर्गात कोच मुद्दाम पाडून उठवतात. हा भाग पोरकट वाटून टाळणारे प्रौढ पुढे कठडा सोडत नाहीत.

पहिले वर्ग: काय शिकवतात आणि का

उभं राहण्याची पद्धत सगळ्यात आधी. पावलं खांद्याइतकी लांब, गुडघे बुटाच्या टोकावर येतील इतके वाकलेले, कंबर किंचित खाली, जणू उंच स्टुलावर टेकायच्या बेतात आहात. हात कंबरेच्या उंचीवर, पुढे आणि जरासे बाजूला. नजर समोर. खाली पावलांकडे बघितलंत की डोकं पुढे जातं आणि त्यामागे आपणही. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो. गुडघे ताठ, धड मागे, हात वर. कोच वर्गभर "नीज, नीज" (knees, म्हणजे गुडघे) ओरडत असतात ते यासाठीच.

मग जागच्या जागी पावलं उचलणं आणि तशीच पावलं टाकत पुढे सरकणं. पावलं छोटी ठेवा. चार-पाच पावलांनंतर दोन्ही पाय शेजारी ठेवून थांबलात की शरीर आपोआप घसरत पुढे जातं. हा पहिला ग्लाइड. घसरताना खाली बसल्यासारखं वाका आणि पुन्हा वर या, त्याला डिप म्हणतात. डिप जमला म्हणजे गुडघे सैल झाले.

त्यानंतर स्विझल. टाचा जुळवून पायांची टोकं बाहेर वळवा, गुडघे वाकवून आतल्या कडांवर दाब द्या, पाय आपोआप फाकतात. ते खांद्यांपेक्षा जरा जास्त रुंद झाले की टोकं आत वळवा आणि गुडघे सरळ करत पाय पुन्हा जवळ आणा. पाय बर्फावरून उचलायचे नाहीत. वेग सगळा गुडघ्यांच्या वर-खाली होण्यातून येतो. बहुतेकांचे पाय फाकतात पण परत येत नाहीत आणि माणूस मध्येच अडकतो. उपाय एकच: टोकं लवकर वळवा, पाय फार फाकेपर्यंत थांबू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, थांबणं. स्नोप्लाव स्टॉप, म्हणजे बर्फ खरवडत थांबणं, शिकायचा तर आधी कठडा धरून उभे राहा. एक पाय किंचित पुढे, टोक जरा आत, आणि ब्लेडच्या मधल्या भागाने बर्फ बाहेरच्या बाजूला खरवडा. पांढरा भुगा जमला पाहिजे. ब्लेड जवळपास सपाट राहायला हवं. आतल्या कडेवर जास्त कललं तर ते रुतून बसतं, खरवडत नाही. डाव्या-उजव्या पायाने हा भुगा काढत राहा, कंटाळा येईपर्यंत. मग हळू घसरत जाऊन तेच करा: गुडघे खाली, टाचा बाहेर, दाब पायावर. एक पाय दुसऱ्यापेक्षा आधी शिकतो, तोच वापरा. दोन्हींचा हट्ट नंतर. थांबणं जमलं की रिंकवरची भीती निम्म्याने ओसरते, आणि भीती ओसरली की गुडघे आणखी वाकतात.

दुसऱ्या पातळीपासून एका पायाचं काम सुरू होतं. आधी एक पाय घसरता ठेवून दुसऱ्याने ढकलायचं. ढकलायचं ते ब्लेडच्या आतल्या कडेने, बाजूला आणि मागे. फिगर स्केटवाले टो पिकने मागे ढकलतात. ही खोड एकदा लागली की सुटायला महिने जातात, म्हणून कोचला मुद्दाम बघायला सांगा. एका पायावर घसरताना सगळं वजन त्या पायाच्या बरोबर वर यावं लागतं. कंबर मध्येच राहिली तर उचललेला पाय लगेच खाली येतो. मनात तीनपर्यंत मोजता आलं की जमलं समजा.

उलटं जाणं सुरुवातीला विचित्र वाटतं, पण अनेकांना ते पुढे जाण्यापेक्षा लवकर येतं. कठड्याला हातांनी हलकेच ढकला, टोकं आत, कंबर डावी-उजवी हलवा. वजन पावलाच्या पुढच्या चवड्यावर, मात्र टो पिकवर नाही. आणि खांद्यावरून मागे बघत राहा.

क्रॉसओव्हर, म्हणजे वळणावर बाहेरचा पाय आतल्या पायावरून टाकणं, अमेरिकी अभ्यासक्रमात चौथ्या पातळीवर येतं. त्याच्या सरावासाठी हॉकीचे बर्फात रंगवलेले गोल वापरा. साधारण साडेचार मीटर त्रिज्येचा तो गोल वळणासाठी अगदी बेताचा असतो. पाय पार करण्याची घाई करू नका. आधी आतल्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, गोलाच्या आत कलून, निवांत घसरता आलं पाहिजे. ते जमत असेल तर पाय पार जातोच, नसेल तर अडखळतो.

वर्गांच्या मध्ये

आठवड्याचा एक वर्ग आणि बाकी दिवस काहीच नाही, असं केलं तर दर वेळी पहिली दहा मिनिटं मागचं आठवण्यात जातात. पब्लिक स्केटिंगच्या वेळेत आठवड्यातून एकदा तरी जा. सगळे एकाच दिशेने, बहुधा घड्याळाच्या उलट, फिरत असतात. कठड्याजवळची बाजू हळू चालणाऱ्यांची. मधला भाग सरावाचा. कठड्याशी बोलत उभे राहू नका आणि पडलात तर पहिलं काम उठण्याचं.

दर तास-दीड तासाने बर्फ गुळगुळीत करणारी झँबोनी येते. फ्रँक झँबोनी यांनी कॅलिफोर्नियात १९४९मध्ये हे यंत्र बनवलं. ते बर्फाचा वरचा थर खरवडून त्यावर गरम पाणी पसरवतं. गरम पाणी ओरखड्यांमध्ये नीट मुरतं आणि खालच्या बर्फाशी एकजीव होऊन गोठतं. यंत्र बाहेर जाऊन दार बंद होईपर्यंत कोणीही बर्फावर जायचं नाही. नव्या बर्फावर पहिली काही मिनिटं पाण्याचा पातळ थर असतो आणि तो नवशिक्याला जास्त घसरवतो. मुलं आधी पळतील, तुम्ही जरा थांबून जा.

नवशिक्यांना धरायला प्लॅस्टिकच्या चौकटी मिळतात. अगदी छोट्या मुलाला पहिल्या दिवशी रडू येऊ नये म्हणून ठीक. त्याहून जास्त नको. चौकटीवर भार टाकलेलं मूल कंबरेतून पुढे वाकून पाय मागे टाकत चालायला शिकतं आणि पुढे ती सवय मोडावी लागते. आईबाबांनी दोन्ही हात वर धरून मुलाला लटकवत नेणं त्याहून वाईट.

घरी आल्यावर ब्लेड सुक्या फडक्याने पुसा, ते बुटाला जोडलेलं असतं तिथेही. प्लॅस्टिकचे गार्ड फक्त चालण्यासाठी, ते चढवून बूट ठेवले तर आत ओल राहून गंज चढतो. ठेवताना कापडी कव्हर. आणि बिनगार्डच्या ब्लेडने काँक्रीटवर एक पाऊलही टाकू नका.

उघड्यावरचा बर्फ हा वेगळा विषय आहे. ओटावातला रिडो कालवा हिवाळ्यात ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट बनतो, तिथे रोज जाडी मोजून मगच वाट खुली करतात. २०२२-२३च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा न जमल्याने ती एकही दिवस उघडली नाही. तळ्यावर असं मोजणारं कोणी नसतं. कॅनडियन रेड क्रॉसच्या सांगण्याप्रमाणे एकट्याने चालायला किंवा स्केटिंग करायला बर्फ किमान १५ सेंटीमीटर जाड हवा, घोळका असेल तर २० सेंटीमीटर. नवशिक्यांनी हा पहिला हिवाळा तरी रिंकवरच काढावा.

भारतातून आलेली, भारतात राहणारी मंडळी

पुण्या-मुंबईत रोलर स्केटिंग केलेली मुलं बर्फावर फार लवकर रुळतात, एका रांगेत चाकं असलेली इनलाइनवाली तर आणखीच. गुडघे, ढकल, वळणावर कलणं, सगळं उपयोगी पडतं. फक्त थांबणं नव्याने शिकावं लागतं, कारण टाचेचा ब्रेक इथे नाही. नेमका त्यांनाच आपल्याला सगळं येतं असा भास होतो, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवा.

भारतात राहून शिकायचं तर ठिकाणं मोजकीच. शिमल्याची रिंक १९२०पासूनची, रात्रीच्या थंडीत पाणी गोठवून तयार होणारी, त्यामुळे हवामानाच्या मर्जीवर. गुरुग्रामच्या अँबियन्स मॉलमध्ये कृत्रिम रिंक आहे. देहरादूनची मोठी रिंक २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली, बरीच वर्षं बंद राहिली आणि २०२५मध्ये पुन्हा सुरू झाली. मुंबईकरांना गोराईच्या एस्सेल वर्ल्डमधली रिंक आठवेल, तो पार्क २०२२मध्ये बंद झाला. मॉलमध्ये कधीमधी दिसणारी 'आइस रिंक' बहुधा प्लॅस्टिकच्या फळ्यांची असते. त्यावर तोल आणि पायांची ठेवण शिकता येते, पण ग्लाइड फार लवकर संपतो आणि ब्लेडची धारही लवकर जाते.

मोठ्यांनी, विशेषतः पन्नाशीनंतर

हाडांची घनता कमी असल्याचं निदान, जुनं मनगटाचं किंवा कमरेचं फ्रॅक्चर, चक्कर येण्याचा त्रास, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नसेल तर वय हे कारण होऊ शकत नाही. अमेरिकेत प्रौढांची स्वतंत्र राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा १९९५पासून होते आणि तिच्यात मोठेपणी बूट चढवलेलेही उतरतात. तुम्हाला स्पर्धेत उतरायचं नसेलही, पण कोणत्याही प्रौढ गटात चाळिशीतले, साठीतले लोक दिसतात आणि कोणी कोणाकडे बघत नसतं. प्रत्येकाचं लक्ष स्वतःच्या गुडघ्यांवर.

प्रौढ समजावून सांगितलेलं लवकर समजतात, म्हणून कोचला "का" विचारा. आतली कड का, टाच का, वजन मागे का. मुलांना जे शंभर वेळा करून कळतं, ते तुम्हाला दोन वाक्यांत कळू शकतं. अंगात उतरायला मात्र वेळ लागेल. पहिल्या वर्गानंतर पावलांचे तळवे आणि नडगीजवळचे स्नायू दुखतील, कारण माणूस घाबरून बोटांनी बूट आवळून धरतो. दोन-तीन वर्गांनंतर ही पकड आपोआप सैल होते. तसं झालं नाही तर लेस पुन्हा तपासा.

अडचण येते ती बहुधा गटाची. पुरेशी नावं आली नाहीत की क्लब प्रौढांचा वर्ग रद्द करतात किंवा मुलांच्या गटात जोडून टाकतात. म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर गणपतीच्या आधीच विचारून घ्या. मुलांच्याच वेळेला, रिंकच्या दुसऱ्या टोकाला प्रौढांचा गट मिळेल का, हे पाच-सहा जणांनी मिळून विचारलं की क्लबचं उत्तर बदलतं.